फायरवॉल विकत घेण्याआधी, घरात आहे ती चालू आहे का बघा

पत्र थोडक्यात: बेळगावच्या वडगाव भागातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरातच चार यंत्रमाग आहेत. माग यजमान बघतात, हिशेब ताई. टॅली, जीएसटीचं रिटर्न आणि बँकेचे व्यवहार, सगळं एकाच जुन्या संगणकावर चालतं. सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोज १०. संध्याकाळी तोच संगणक कॉलेजला जाणारा मुलगा अभ्यासाला आणि गेमला घेतो. घरच्या वायफायचा पासवर्ड मागावरच्या कारागिरांनाही दिलेला आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या ओळखीच्या एका सूत व्यापाऱ्याला मेसेज आला, "लाईट बिल भरलं नाही, आज रात्री कनेक्शन तोडणार". त्यांनी त्यातल्या नंबरला फोन केला, समोरच्यानं सांगितलेलं ॲप संगणकात टाकलं आणि अर्ध्या तासात खातं रिकामं झालं. तेव्हापासून ताईंच्या जिवाला घोर लागला आहे. दुकानदार म्हणतो, २,४०० रुपयांत तीन वर्षांची फायरवॉल घ्या. पुण्याचा भाचा म्हणतो, नेटवर फुकट मिळते ती टाका. दीर म्हणतात, दोन्ही टाका, सुरक्षा दुप्पट होईल. मुलानं परवा गेम टाकताना फायरवॉलची एक खिडकी आली, त्यानं "अलाउ" दाबून टाकलं. अँटिव्हायरसची मुदतही या महिनाअखेरीस संपते आहे. ताई विचारतात: "यातली कोणती घेऊ?"

ताई, पैसे मोजण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत.

तिघांनी तुम्हाला तीन सल्ले दिले, पण तिघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: तुमच्या संगणकात फायरवॉल नाही, ती बाहेरून आणायची आहे. ती आहे. विंडोजबरोबरच येते. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा विषाणू) जगभर पसरला होता. त्याला कुणी क्लिक करायची गरज नव्हती. संगणक इंटरनेटला जोडलेला असला की १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून तो आपोआप आत यायचा. (पोर्ट म्हणजे संगणकाचे क्रमांक घातलेले दरवाजे.) तेव्हाच्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण ती मुद्दाम चालू करावी लागे, आणि ते कुणी करत नसे. वर्षभरानं, ऑगस्ट २००४ मध्ये, त्या विंडोजचा सर्व्हिस पॅक २ (दुरुस्त्यांचा मोठा संच) आला तेव्हापासून ती चालू स्थितीतच मिळू लागली. त्यामुळे "कोणती घेऊ" हा नंतरचा प्रश्न. आधी बघायचं ते एवढंच, की आहे ती चालू आहे का आणि आजवर तिला किती भोकं पडली आहेत.

फायरवॉल नेमकं काय करते हे एकदा कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. कोरोनाच्या काळातला, २०२१ मधला, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका आठवा. कोल्हापूरकडून निपाणीत येणारी गाडी थांबवायची, आरटीपीसीआरचा कागद बघायचा, नसेल तर परत पाठवायचं. इकडून बाहेर जाणाऱ्याशी त्या नाक्याचं काम नव्हतं. विंडोजची फायरवॉल मुळात अशीच मांडलेली आहे. बाहेरून आपण होऊन येणारं सगळं अडवायचं, ज्याला परवानगी आहे तेवढ्यालाच आत घ्यायचं. आतून बाहेर जाणाऱ्याला मात्र सोडायचं. त्या नाक्यापेक्षा एक गोष्ट ती जास्त करते: कोण बाहेर गेलं याची नोंद ठेवते. तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा मागणी बाहेर जाते, आणि उत्तर परत आलं की "हे यांनीच मागवलेलं" असं ओळखून ते आत घेतलं जातं. म्हणून एकही दार उघडं न ठेवता तुमची बँक, जीएसटी, मुलाचे व्हिडिओ सगळं चालतं.

आता त्या सूत व्यापाऱ्यांचं बघू, कारण तुमची भीती तिथून सुरू झाली आहे. त्यांच्या संगणकात बाहेरून कुणी घुसलं नाही. स्क्रीन दाखवणारं ॲप त्यांनी स्वतः उतरवून घेतलं, समोरच्याला त्या ॲपमधला नंबर वाचून दाखवला आणि परवानगी दिली. असं ॲप आतून बाहेर जोडणी करतं, तीही बहुतेक वेळा ४४३ पोर्टवरून, म्हणजे बँकेची साइट जिथून चालते तिथूनच. नाक्याच्या नजरेत तो घरातलाच माणूस बाहेर चाललेला असतो. मग पलीकडचा माणूस त्याच वाटेनं तुमची स्क्रीन बघतो, ओटीपी वाचतो. २,४०० रुपयांची फायरवॉल असती तरी ती गप्पच बसली असती. समजा बाहेर जाणाऱ्यालाही हटकणारी फायरवॉल असती आणि तिनं "हे ॲप बाहेर जाऊ पाहतंय, सोडू का?" असं विचारलं असतं, तरी फोनवरचा माणूस म्हणाला असता, "अलाउ दाबा साहेब", आणि त्यांनी दाबलं असतं.

म्हणून या भीतीवरचा उपाय वेगळा आहे, आणि तो घरातल्या सगळ्यांना, कारागिरांनाही, सांगून ठेवा. बिलाच्या मेसेजमधल्या नंबरला फोन करायचा नाही. जुन्या कागदी बिलावर छापलेल्या नंबरला करायचा. फोनवर कुणी कुठलंही ॲप घ्यायला सांगितलं तर तिथेच फोन ठेवायचा. आणि चूक झालीच, तर आधी राउटरचं बटण बंद करा, म्हणजे पलीकडच्याचा हात सुटतो. मग दुसऱ्या फोनवरून १९३० ला तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवून खातं गोठवा. तासाभरात फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येण्याची आशा असते. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर आणि बेळगावच्या सीईएन (सायबर गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.

मग फायरवॉल कशासाठी? जे कुणाच्या क्लिकशिवाय येतं त्यासाठी, आणि त्याचा धोका खरा आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या वर्मनं जगभरच्या संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या. तो ४४५ पोर्टमधून, म्हणजे फायली शेअर करण्याच्या दारातून, एका संगणकावरून शेजारच्या संगणकावर जात होता. मायक्रोसॉफ्टनं त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती आणि ज्यांचं ४४५ चं दार उघडं होतं, ते सापडले.

आता संगणकापुढे बसा. स्टार्ट दाबून "विंडोज सिक्युरिटी" टाइप करा आणि "फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन" उघडा. तिथे तीन नावं दिसतील: डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक. तिन्हींखाली "फायरवॉल इज ऑन" असायला हवं. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर त्याच पानावर तिचं नाव दिसेल. एखादं "ऑफ" निघालं तर घाबरू नका, चालू करा. घरगुती संगणकांत फायरवॉल बंद सापडण्याचं नेहमीचं कारण विषाणू नसतं. टॅली दुसऱ्या लॅपटॉपवर दिसत नाही किंवा प्रिंटर शेअर होत नाही म्हणून दुरुस्तीला आलेल्या माणसानं "जरा बंद करून बघू" म्हणत ती बंद केलेली असते. काम होतं, तो निघून जातो, फायरवॉल तशीच बंद राहते. इथून पुढे कुणी संगणक हाताळून गेला की हे पान एकदा उघडून बघायची सवय लावून घ्या.

दुसरं काम मला याहून महत्त्वाचं वाटतं. सेटिंग्जमध्ये "नेटवर्क अँड इंटरनेट" मध्ये जाऊन तुमच्या वायफायच्या "प्रॉपर्टीज" उघडा. तिथे "पब्लिक" आणि "प्रायव्हेट" असे दोन पर्याय आहेत. घरचं वायफाय म्हणून बहुतेक लोक "प्रायव्हेट" निवडतात. प्रायव्हेट म्हणजे "या जाळ्यातल्या सगळ्यांवर माझा विश्वास आहे". तुमच्या वायफायवर कारागिरांचे फोन आहेत, मुलाचे मित्र येतात, कधी त्यांचा लॅपटॉपही जोडला जातो. माणसं विश्वासाची असतील. पण त्यांच्या यंत्रांत काय आहे हे त्यांनाही ठाऊक नसतं. तुम्ही "पब्लिक" निवडा. मग त्याच वायफायवरच्या दुसऱ्या यंत्राला तुमचा संगणक सहसा दिसणारच नाही. यूएसबी वायरनं जोडलेल्या प्रिंटरला यानं काही फरक पडत नाही. वायफायचा प्रिंटर आधीच जोडलेला असेल तर छपाई बहुधा चालू राहील. स्कॅन मात्र अडू शकतो, कारण स्कॅनर आपण होऊन संगणकाकडे येऊ बघतो. तेव्हा तेवढ्यापुरता प्रायव्हेट करून काम झालं की परत पब्लिक करा, किंवा प्रिंटरवरूनच पेनड्राइव्हमध्ये स्कॅन घ्या. टॅलीचा डेटा दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपवरून वापरायचा असेल त्या घराला मात्र प्रायव्हेटच ठेवावं लागेल. त्यांनी बाहेरच्यांना वेगळं वायफाय द्यावं. त्याबद्दल पुढे सांगते.

आता मुलानं दाबलेलं "अलाउ". ही खिडकी नीट बघण्यासारखी आहे, कारण फायरवॉलला भोकं पडतात ती इथूनच. तिच्यात लिहिलेलं असतं, की विंडोज फायरवॉलनं या प्रोग्रॅमची काही कामं अडवली आहेत. खाली प्रायव्हेट आणि पब्लिक असे दोन चौकोन, आणि "अलाउ ॲक्सेस" व "कॅन्सल" अशी दोन बटणं. वाचणाऱ्याला वाटतं, कॅन्सल दाबलं तर प्रोग्रॅम चालणारच नाही. तसं होत नाही. ही खिडकी फक्त बाहेरून आत येणाऱ्या जोडणीबद्दल विचारते. कॅन्सल केलं तरी तो प्रोग्रॅम आतून बाहेर जायला मोकळाच राहतो, आणि बहुतेक गेमना एवढंच पुरतं. घरातल्या घरात दोन संगणक जोडून, त्यातल्या एकावरून खेळ चालवायचा आणि दुसऱ्यानं त्याला जोडायचं असेल तेव्हाच आत येण्याची परवानगी लागते. म्हणून घरात नियम करून टाका: खिडकी आली की कॅन्सल. काही अडलं तर बघू.

एक सावधगिरी मात्र ठेवा. कॅन्सल दाबलं की विंडोज त्या प्रोग्रॅमच्या नावानं "अडवा" असा नियम लिहून ठेवतं. उद्या खरंच परवानगी द्यायची वेळ आली आणि तुम्ही "परवानगी" चा नवा नियम घातला, तरी जुना "अडवा" उठत नाही. दोन्ही असले की "अडवा" जिंकतो. लोक इथेच तासन्‌तास अडकतात आणि शेवटी कंटाळून फायरवॉलच बंद करतात. उपाय साधा आहे: जुना नियम शोधून पुसायचा.

तो शोधायचा तिथेच मुलाचं "अलाउ" पण सापडेल. स्टार्टमध्ये इंग्रजीत डब्ल्यूएफ, टिंब, एमएससी असं टाइप करून एंटर दाबा. डावीकडे "इनबाउंड रूल्स" वर क्लिक केलं की मोठी यादी येईल. तिची लांबी बघून दचकू नका. "ग्रुप" च्या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे यादी त्या क्रमानं लागेल. ज्यांच्या ओळीत ग्रुपचं नाव आहे ते विंडोजचे आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या ॲपचे नियम. त्यांना हात लावू नका. ज्यांचा ग्रुप रिकामा आहे ते नंतर आलेल्या प्रोग्रॅमनी किंवा कुणाच्या "अलाउ" नं पडलेले. त्यातल्या हिरव्या खुणेच्या ओळी बघा. उजवीकडे "प्रोग्रॅम" च्या रकान्यात त्या फाइलचा पत्ता असतो. पत्त्यात "डाउनलोड्स", "टेम्प" किंवा "ॲपडेटा" असं दिसलं आणि तुम्ही तो प्रोग्रॅम ओळखत नसाल, तर त्या ओळीवर उजवं बटण दाबून "डिसेबल रूल" करा. लगेच पुसू नका. आठवडाभर काही अडलं नाही, तर मग "डिलीट" करा. मुलाच्या गेमच्या साधारण दोन ओळी सापडतील, एक टीसीपीची आणि एक यूडीपीची (या माहिती पाठवायच्या दोन पद्धती).

यादी फारच गिचमिड झालेली असेल तर विंडोज सिक्युरिटीच्या त्याच पानावर सगळ्यात खाली "रिस्टोअर फायरवॉल्स टू डिफॉल्ट" आहे. त्यानं नंतर पडलेले सगळे नियम जातात आणि फायरवॉल कोऱ्या स्थितीत येते. टॅली एकाच संगणकावर चालत असेल तर त्यानं काहीच बिघडत नाही. दोन संगणकांत मिळून चालत असेल तर परवानगी पुन्हा द्यावी लागेल, म्हणून रिटर्न भरायच्या आदल्या रात्री हे करू नका.

मुलासाठी वेगळं खातं काढा. सेटिंग्ज, अकाउंट्स, फॅमिली अँड अदर यूजर्स. खात्याचा प्रकार "स्टँडर्ड" ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटर नव्हे. स्टँडर्ड खात्यातून फायरवॉलला भोक पाडता येत नाही, तुमचा पासवर्ड लागतो. त्याला राग येईल. पण हा त्याच्यावरचा अविश्वास नाही हे समजावून सांगा. रोजच्या हिशेबासाठी तुम्हीही स्टँडर्ड खातंच वापरलं तर उत्तम. आणि त्याला एक गोष्ट ठासून सांगा: जो गेम किंवा जे "क्रॅक" सॉफ्टवेअर टाकण्याआधी "अँटिव्हायरस आणि फायरवॉल बंद करा" असं सांगतं, ते या संगणकात येणार नाही. ती सूचनाच पुरेसा पुरावा आहे.

एवढं झालं की विकतची किंवा फुकटची फायरवॉल लागते का? तुमच्यासाठी माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. बाहेरून येणारं अडवण्यात विंडोजची फायरवॉल कुठे कमी पडत नाही. बाहेरच्या फायरवॉल मुख्यतः आणखी एक काम करतात: आतून बाहेर जाणाऱ्यालाही हटकतात. कुठला प्रोग्रॅम गुपचूप कुठे बोलतोय हे बघायची ज्याला मनापासून हौस आहे, त्याला त्यांचा उपयोग होतो. भाच्याला तशी आवड असेल तर त्यानं त्याच्या संगणकावर खुशाल लावावी. मालवेअरबाइट्स कंपनीची "विंडोज फायरवॉल कंट्रोल" फुकट आहे. ती वेगळी फायरवॉल आणत नाही, विंडोजच्याच फायरवॉलला हाताशी येईल अशी मूठ बसवते. "मीडियम फिल्टरिंग" वर ठेवली की परवानगी नसलेलं काहीही बाहेर जात नाही. "टायनीवॉल" ही फुकट आणि अगदी हलकी आहे. ती सारखं विचारत नाही, मुकाट्यानं अडवते आणि आपणच तिला "याला सोड" असं सांगायचं. "ग्लासवायर" कोण किती डेटा खातंय याचा आलेख दाखवते. सूत मोजून वापरणाऱ्याला आवडावं तसं आहे ते, पण संरक्षण त्यानं फारसं वाढत नाही.

अशा फायरवॉल घरोघरी का टिकत नाहीत? पहिल्या दिवसापासून त्या विचारत सुटतात. "एसव्हीसीहोस्ट बाहेर जाऊ पाहतंय, सोडू?" हा विंडोजचाच भाग. नाव अनोळखी म्हणून "ब्लॉक" दाबलं की विंडोजचे अपडेट थांबतात, कधी साइटच उघडेनाशा होतात, आणि कारण कुणाला कळत नाही. दोन-तीन दिवसांत माणूस कंटाळतो आणि येईल त्या खिडकीला "अलाउ" दाबू लागतो. ज्या हाताला न वाचता "अलाउ" दाबायची सवय लागली, त्याच्या हाती हटकणारी फायरवॉल देण्यात अर्थ नाही. जीएसटीला डिजिटल सही लावणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. "एमसाइनर" हा प्रोग्रॅम संगणकातल्या संगणकातच, १५८५ पोर्टवर, ब्राउझरशी बोलतो. विंडोजची फायरवॉल त्याला हात लावत नाही. बाहेरची कधीकधी अडवते. मग पोर्टलवर "सर्व्हरशी जोडणी झाली नाही, एमसाइनर पुन्हा सुरू करा" असं येतं, आणि माणूस शेवटच्या तारखेला एमसाइनर काढून घालत बसतो. तुमचा धंदा एकमालकी असेल आणि रिटर्न ओटीपीनं भरत असाल, तर तुम्हाला हे भोवणार नाही. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असलेल्यांनी लक्षात ठेवावं.

दिरांचा "दोन्ही टाका" हा सल्ला मात्र अजिबात मानू नका. एकाच संगणकात दोन फायरवॉल म्हणजे एका दाराला एकमेकांना न ओळखणारे दोन राखणदार. एक सोडतो, दुसरा अडवतो, आणि प्रिंटर का बंद पडला हे शोधायला दोन ठिकाणी खणावं लागतं. अँटिव्हायरसचा पूर्ण संच घेतला आणि त्यात फायरवॉल असली, तर विंडोज आपली फायरवॉल बाजूला घेऊन काम तिच्याकडे सोपवतं, ते याचसाठी.

दोन फायरवॉल असाव्यात त्या वेगवेगळ्या ठिकाणी: एक संगणकात आणि एक राउटरमध्ये. राउटरच्या खालच्या कागदावर त्याचा पत्ता असतो. जिओचा सहसा १९२.१६८.२९.१, बऱ्याच इतरांचा १९२.१६८.१.१. ब्राउझरमध्ये तो टाकून आत जा. राउटरचा स्वतःचा पासवर्ड (वायफायचा नव्हे) "ॲडमिन" असाच राहिला असेल तर आजच बदला आणि वहीत लिहून ठेवा. "रिमोट मॅनेजमेंट" (बाहेरून राउटर हाताळायची सोय), "डब्ल्यूपीएस" (पासवर्ड न टाकता वायफायला जोडायची सोय) आणि "यूपीएनपी" ही तिन्ही बंद करा. यूपीएनपी चालू असलं की आतला कुठलाही प्रोग्रॅम तुम्हाला न विचारता राउटरला दार उघडायला लावू शकतो. "आयपीव्ही६ फायरवॉल" असा पर्याय दिसला तर तो चालूच असू द्या. (आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत.) जुन्या पद्धतीच्या पत्त्यांत घरातली यंत्रं राउटरच्या आड लपतात. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो आणि ती आड राहत नाही. आणि "गेस्ट नेटवर्क" (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) असेल तर त्याचा पासवर्ड कारागिरांना द्या, मुख्य वायफायचा बदलून टाका. करंट गेला-आला तरी या सेटिंग्ज पुसल्या जात नाहीत. मागच्या बारीक भोकातलं रिसेटचं बटण कुणी दाबलं तरच जातात.

ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन फायरवॉल एकदा बघावी, ती बंद असू शकते. लिनक्स मिंटमध्येही ती असते, पण हातानं चालू करावी लागते.

ताई, तुमच्या पत्रात ज्या गोष्टीला तुम्ही एकच शब्द दिलाय, तिची मला फायरवॉलपेक्षा जास्त काळजी आहे: विंडोज १०. मायक्रोसॉफ्टनं त्याची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. घरगुती संगणकांना वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तेही नाव नोंदवलं तर. सेटिंग्जमध्ये "विंडोज अपडेट" च्या पानावर "एनरोल" असं दिसेल. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं आणि विंडोजची आवृत्ती २२एच२ असावी लागते. सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढची लागते. कुणी आडमार्गानं बसवून देतो म्हणाला तर हिशेबाच्या संगणकावर ते करू नका. अपडेट थांबलेल्या संगणकात ब्राउझरमधून येणारा हल्ला फायरवॉल ओळखत नाही, कारण ती साइट तुम्हीच मागवलेली असते. त्यामुळे पैसे साठवायचे असतील तर विंडोज ११ चालेल अशा संगणकासाठी साठवा. तोवर बँक आणि रिटर्न याच संगणकावर ठेवा, आणि गेम, सिनेमे, डाउनलोड यांना इथून उठवा.

त्या २,४०० रुपयांतले थोडे आत्ता खर्च करा: ३२ जीबीचे दोन पेनड्राइव्ह. लहान धंद्याचा टॅलीचा डेटा त्यात कितीतरी वेळा मावेल. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून "बॅकअप" घ्या, एका आठवड्याला एका पेनड्राइव्हवर, पुढच्या आठवड्याला दुसऱ्यावर. बॅकअप झाला की पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. लावून ठेवला तर फायली कुलूपबंद करणारा विषाणू तोही कुलूपबंद करतो. महिन्यातून एकदा "रिस्टोअर" करून बघा, पण वेगळ्या फोल्डरमध्ये. त्याच फोल्डरमध्ये केलं तर आजचा हिशेब जाऊन जुना येईल.

राहिली मुदतीची गोष्ट. नूतनीकरण करू नका, पण मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच ठेवूही नका. तो ठेवला तर विंडोजला वाटू शकतं की राखण दुसऱ्याकडे आहे, आणि ज्याच्याकडे आहे तो नवे विषाणू शिकायचं थांबलेला असतो. आधी त्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून तिचं "रिमूव्हल टूल" उतरवून ठेवा. मग नेट बंद करा, सेटिंग्जच्या ॲप्समधून अँटिव्हायरस काढा, संगणक पुन्हा सुरू करा, काही अवशेष राहिले तर ते टूल चालवा आणि परत सुरू करा. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागा घेतो. "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन" वर हिरवी खूण आणि फायरवॉलच्या पानावर तिन्ही "ऑन" दिसले की नेट जोडा आणि लगेच अपडेट घ्या. आणि "मुदत संपली" ही सूचना उजव्या कोपऱ्यात ब्राउझरच्या चिन्हासह येत असेल, तर ती अँटिव्हायरसची नाहीच. कधीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये "साइट सेटिंग्ज", मग "नोटिफिकेशन्स" उघडा आणि अनोळखी साइट एकेक करून काढून टाका. त्या सूचनेवर क्लिक करून पैसे भरू नका.